एकच तराजू : नव्या संशोधनाचे वाचन आणि आपली जबाबदारी

आमच्या चिकित्सालयाच्या प्रतीक्षाकक्षात गेली कित्येक वर्षे एक चौकट टांगलेली आहे. हळदीच्या गुणांना आधुनिक विज्ञानाने दिलेल्या मान्यतेविषयीचे ते वृत्तपत्रातील कात्रण आहे. गुळवेलीच्या सेवनानंतर काही रुग्णांना यकृतविकार झाल्याचे दुसरे एक कात्रण आमच्याकडे आले, तेव्हा ते मात्र टेबलाच्या खणात गेले. एके दिवशी एका सेवानिवृत्त शिक्षकांनी सहज विचारले, "वैद्यराज, हळदीची बातमी भिंतीवर दिसते, गुळवेलीची कुठे लावली आहे?" त्यांच्या बोलण्यात उपहास नव्हता. ते स्वतः दोन वर्षे गुळवेलीचा काढा घेत होते आणि त्यांना केवळ आपण काय करावे हे जाणून घ्यायचे होते. आमच्याजवळ त्या क्षणी नीट उत्तर नव्हते, कारण खणातील तो मजकूर आम्ही पूर्ण वाचलेलाच नव्हता.

प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निर्माण झाला आहे. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, आनुवंशशास्त्र आणि चिकित्साशास्त्र अशा विविध शाखांतून आपल्या औषधांविषयी जे निष्कर्ष पुढे आले आहेत, त्यांपैकी काहींचा येथे परामर्श घेत आहोत. अनुकूल निष्कर्ष आणि प्रतिकूल निष्कर्ष आपण एकाच तराजूत तोलतो का, एवढाच आमचा मुद्दा आहे.

हळद : स्तुती आणि इशारा

हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य पोटात घेतल्यास रक्तात अत्यल्प प्रमाणात पोहोचते. सन 1998 मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी याविषयी एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी व्यक्तींना 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतील पिपरीन हे द्रव्य केवळ 20 मिलिग्रॅम दिले असता कर्क्युमिनची जैवउपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढली. मरीच आणि पिप्पली यांची योजना अनेक कल्पांत का केली असावी, याचे एक उत्तर त्यातून मिळाल्याचा आनंद आपल्या सर्वांना झाला. आमच्या भिंतीवरील कात्रण त्याच आनंदाचे आहे.

या शोधाची दुसरी बाजू सन 2022 मध्ये समोर आली. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकगटाने हळदीच्या उत्पादनांशी संबंधित 10 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी एका रुग्णाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. तपासलेल्या 7 उत्पादनांमध्ये हळदीचे घटक खरोखरच आढळले आणि 3 उत्पादनांत पिपरीनही होते. म्हणजे शोषण वाढवण्याची जी युक्ती आपण अभिमानाने सांगत होतो, तीच काही उत्पादनांत वापरलेली होती. शोषण वाढले की गुणाबरोबर धोकाही वाढू शकतो, हे वैद्याला नव्याने सांगायला नको. मात्रेचा विचार आपल्याकडे याचसाठी आहे.

त्या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष आम्हाला विशेष विचारणीय वाटतो. 10 पैकी 7 रुग्णांमध्ये 'एचएलए-बी*35:01' हा विशिष्ट जनुकप्रकार होता. सर्वसाधारण लोकसंख्येत त्याचे प्रमाण यापेक्षा पुष्कळच कमी असते. हिरव्या चहाच्या अर्कामुळे होणाऱ्या यकृतविकारातही हाच प्रकार आढळलेला आहे. एकच द्रव्य बहुतेकांना सात्म्य व्हावे आणि मोजक्यांना बाधावे, याचे कारण त्या व्यक्तीच्या घडणीत असू शकते. ज्या शास्त्राने पुरुषागणिक परीक्षा सांगितली, त्या शास्त्राच्या अनुयायांनी तरी 'हळद कोणालाही, कितीही' असे म्हणू नये. स्वयंपाकातील चिमूटभर हळद आणि तीव्र अर्काची कॅप्सूल यांतील भेदही रुग्णाला समजावून सांगितला पाहिजे.

गुळवेल : ओळखीचा आणि त्यापलीकडचा प्रश्न

कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल सुरू झाली. बहुतेकांनी ती वैद्याच्या सल्ल्याविना, मात्रा आणि कालावधी न ठरवता घेतली. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईत अशा सेवनानंतर यकृतविकार झालेल्या 6 रुग्णांची माहिती सन 2021 मध्ये शोधनिबंधरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एका रुग्णाचा पुढे मृत्यू झाला. त्यानंतर सन 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांतील 43 रुग्णांचा अभ्यास आला. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखे चित्र यांतील अनेकांमध्ये दिसले. काहींना आधीपासून यकृताचा विकार होता आणि त्यांना त्याची कल्पनाही नव्हती.

केंद्रीय आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. सेवन केलेली वनस्पती खरी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, याची खात्री झाली पाहिजे, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. आक्षेप रास्त आहे. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात, त्यामुळे ताज्या वेलीत फरक ओळखता येतो. परंतु वेल वाळवून तिची भरड किंवा चूर्ण झाले की डोळ्यांना काहीच कळत नाही.

येथे आपण स्वतःला एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे. 'ती आमची गुळवेल नव्हतीच' असे म्हणणे सोपे आहे. पण आमची गुळवेल कोणती, हे आपण सिद्ध करू शकतो का? आम्ही स्वतःच्या औषधालयातील गुळवेल चूर्णाचा माग काढला, तेव्हा घाऊक विक्रेत्यापाशी येऊन तो थांबला. वेल कोणत्या वनातून आली, कोणी तोडली, कोणी ओळखली, हे त्यालाही ठाऊक नव्हते. ज्या चूर्णाच्या ओळखीची खात्री आम्हाला देता येत नव्हती, ते आम्ही वर्षानुवर्षे विश्वासाने देत होतो. चरकसंहितेने सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात न ओळखलेले औषध घातक मानले आहे. तो दंडक आपण परीक्षेत लिहिला आणि व्यवहारात विसरलो.

शिवाय ओळखीचा प्रश्न सुटला तरी विषय संपत नाही. खरी गुळवेलही प्रतिकारशक्तीवर कार्य करते, असे आपणच सांगतो. मग ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःवर उलटलेली आहे, अशा रुग्णाला ती देताना अधिक सावध राहणे ओघानेच आले.

अश्वगंधेची कथा याहून फारशी वेगळी नाही. सन 2020 मध्ये आइसलँड व अमेरिकेतील 5 रुग्णांमध्ये अश्वगंधायुक्त उत्पादनांनंतर कावीळ झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. शास्त्राने मुळाचा वापर सांगितला असताना बाजारात पानांचाही अर्क मिसळला जात होता. सन 2021 मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पानांचा वापर टाळण्याची सूचना दिली, ती याच पार्श्वभूमीवर महत्त्वाची ठरते.

अर्क आणि कल्प

प्रतिकूल निष्कर्ष आला की आपण म्हणतो, "तो अर्क होता; आमचा शास्त्रोक्त कल्प नव्हे." या युक्तिवादात तथ्य आहे. सन 2003 मध्ये अमेरिकेत गुग्गुळाच्या प्रमाणित अर्काची 103 व्यक्तींवर 8 आठवडे चाचणी झाली. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी थोडे वाढले आणि काहींच्या त्वचेवर पुरळ उठले. शोधन केलेला गुग्गुळ, सहद्रव्ये, रुग्णपरीक्षा, पथ्य यांपैकी काहीच त्या चाचणीत नव्हते. तेव्हा योगराज गुग्गुळ किंवा त्रिफळा गुग्गुळ यांविषयीचा निर्णय त्यावरून करता येणार नाही, हे खरे.

परंतु भिंतीवरच्या त्या हळदीच्या प्रयोगातही शास्त्रोक्त कल्प कुठे होता? तेथेही वेगळे काढलेले कर्क्युमिन आणि पिपरीनच होते. अर्काची स्तुती झाली की ती आयुर्वेदाची, आणि अर्क दोषी ठरला की तो परका, असा दुहेरी न्याय शास्त्राच्या अभ्यासकाला शोभत नाही. अर्कावरील निष्कर्ष कल्पाला लागू नसेल, तर तो दोन्ही वेळा लागू नाही.

स्तुतीही पूर्ण वाचावी

खरी स्तुती कशी असते याचे उत्तम उदाहरण क्षारसूत्राचे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने भगंदरावरील क्षारसूत्राची शस्त्रक्रियेशी तुलना करणारी बहुकेंद्री चाचणी सन 1991 मध्ये प्रसिद्ध केली. वर्षभरात व्याधी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण क्षारसूत्रात 4 टक्के, तर शस्त्रक्रियेत 11 टक्के आढळले. मात्र व्रण भरून येण्यास क्षारसूत्रात सुमारे 8 आठवडे, तर शस्त्रक्रियेनंतर सुमारे 4 आठवडे लागले. रुग्णाला पहिले दोन आकडे सांगून पुढचे दोन लपवले, तर त्याने दिलेली संमती अपुरी ठरते. चारही आकडे ऐकूनही पुष्कळ रुग्ण क्षारसूत्रच निवडतात, हा आमचा अनुभव आहे.

सन 2011 मध्ये आमवातसदृश संधिवातावर 43 रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र योजलेली आयुर्वेदीय चिकित्सा, मेथोट्रेक्झेट आणि दोन्ही एकत्र अशा तीन गटांत परिणाम साधारण सारखे दिसले. वैयक्तिक चिकित्सेचीही काटेकोर चाचणी घेता येते, हे या अभ्यासाने दाखवले, आणि तेच त्याचे मोल आहे. परंतु 43 ही संख्या लहान आहे. ती प्राथमिक चाचणी होती. तेवढ्या आधारावर कोणाचे मेथोट्रेक्झेट परस्पर बंद करणे धोक्याचे आहे.

प्रकृतिविचाराविषयी सन 2015 मध्ये हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या पुढाकाराने झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 52 जनुकीय भेद प्रकृतींशी संबंधित आढळले आणि 'पीजीएम1' या जनुकाचा पित्तप्रकृतीशी संबंध दिसला. वैद्यांच्या निदानाचा मेळ पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेल्या 'आयुसॉफ्ट' या संगणकप्रणालीशी घालून ही निवड झाली होती. एकूण 3416 जणांची परीक्षा झाली आणि अभ्यासासाठी निवडले गेले केवळ 262 पुरुष. प्रकृती निःसंदिग्धपणे ठरवणे किती कठीण आहे, याची जाणीव ही संख्या करून देते. पाच मिनिटांत प्रश्नावली भरून प्रकृती सांगणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने ती ध्यानात ठेवावी.

बांगलादेशातील धडा

औषधनिर्माते आणि दुकानदार बंधूंसाठी शेवटचे उदाहरण रसायनशास्त्राचे आहे. बांगलादेशात हळकुंडांना उजळ पिवळा रंग यावा म्हणून त्यांवर लेड क्रोमेट, म्हणजे शिसेयुक्त रंग, चोळला जात होता. सन 2019 मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्यातील संशोधकांनी हे उघड केले. बाजारातील 47 टक्के नमुन्यांत तेव्हा शिसे आढळले होते. शासनाने तपासणी, दंड आणि जाहीर प्रबोधन असे तिन्ही उपाय केले. सन 2021 मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. सन 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपल्या देशातील पाटण्यासह दक्षिण आशियातील काही शहरांत असे नमुने आढळले आहेत. अतिशय तेजस्वी पिवळी हळद स्वस्तात मिळाली, तर आनंद मानण्यापूर्वी ती तपासून घ्यावी. दोष उघड झाला म्हणून हळदीची बदनामी झाली नाही. उलट तेथील हळद शुद्ध झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपण काय करावे?

आमच्या अल्पमतीनुसार पुढील गोष्टी प्रत्येक वैद्याला आणि फार्मसीला आजपासून करता येतील.

1. कोणताही निष्कर्ष वाचताना तीन प्रश्न विचारावेत : द्रव्य नेमके कोणते व कोणत्या स्वरूपात होते? मात्रा व कालावधी किती? रुग्ण कोण व किती होते?

2. काष्ठौषधी शक्यतो अखंड स्वरूपात खरेदी करून स्वतः ओळखाव्यात. चूर्णच घ्यावयाचे असल्यास ओळख व जड धातू यांचा तपासणी अहवाल मागावा आणि बॅच क्रमांकासह जपून ठेवावा.

3. दीर्घकाळ औषध द्यावयाचे असल्यास पूर्वीचा यकृतविकार, स्वप्रतिकारजन्य व्याधी आणि चालू असलेली इतर औषधे यांची विचारपूस करावी. आवश्यक तेथे यकृताच्या चाचण्या करून घ्याव्यात. अरुची, गडद मूत्र, डोळ्यांत पिवळेपणा यांपैकी काही दिसताच औषध थांबवून भेटण्यास रुग्णाला आधीच सांगावे.

4. अनिष्ट परिणाम आढळल्यास तो दडवू नये. आयुर्वेदीय औषधांसाठी राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम असून नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था त्याचे समन्वय करते. तेथे नोंद करणे म्हणजे शास्त्राशी द्रोह नव्हे. नोंदच नसेल तर 'आमच्याकडे असे काही घडत नाही' हे विधान आपण कोणत्या आधारावर करणार?

त्या शिक्षकांना आम्ही पुढच्या भेटीत दोन्ही बाजू सांगितल्या. त्यांची यकृताची चाचणी करून घेतली. ती निर्दोष आली. दोन वर्षे काढा चालू ठेवण्यासारखे कारण मात्र आम्हाला सापडले नाही, म्हणून तो बंद केला. त्यांचा आमच्यावरील विश्वास यामुळे कमी झाल्याचे दिसले नाही. पुढच्या आठवड्यात ते पत्नीलाही दाखवण्यास घेऊन आले. प्रतीक्षाकक्षात आता दोन चौकटी आहेत. गुळवेलीचे कात्रण खणातून काढून हळदीच्या शेजारी लावले आहे आणि दोन्हींखाली आमचे स्पष्टीकरण सुवाच्य अक्षरांत लिहिले आहे. सुज्ञ वाचकांनीही आपापल्या टेबलाचा खण एकदा उघडून पाहावा, एवढीच नम्र विनंती.