लग्नांतून उरलेल्या तारखा

पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून ऐन उन्हाळ्यात भरते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये झालेले पहिले ग्रंथकार संमेलनही मे महिन्यातलेच. घाटावर मेची संध्याकाळ निदान सुसह्य असते. वसई-विरारच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत सभा घ्यायची म्हणजे वक्त्याने घाम पुसावा की मुद्दा मांडावा, हाच प्रश्न. पुढचे चार महिने पाऊस, मग भाताची कापणी-झोडणी आणि दिवाळी. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा भरली की हवेत गारवा येतो आणि इथल्या कविसंमेलनांचे, पुस्तक प्रकाशनांचे, लेखक-भेटींचे दिवस सुरू होतात.

लेखकालाही हे सोयीचे असते. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचा पावसाळा लिहिण्यात जातो, दिवाळीनंतर तो बोलायला मोकळा. वसईत त्यावर नाताळ विशेषांकांची भर पडते.

तरीही तारीख सहज मिळत नाही. तुळशीचे लग्न लागले की हिंदूंची लग्नसराई सुरू होते. मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक सारे तिकडे. पौषात ती बरीचशी थंडावते. ख्रिस्ती घरांत उलटे. नाताळआधीच्या आगमनकाळात लग्ने टाळतात, आणि नाताळ उरकला की उपवासकाळ लागेपर्यंत बँडवाल्यांना उसंत नसते. त्यात शाळांची स्नेहसंमेलने, डिसेंबरअखेर चिमाजी आप्पा मैदानावरचा कला-क्रीडा महोत्सव. दोन्ही पंचांगे समोर ठेवून उरलेल्या रविवारी साहित्य बसवावे लागते. मला यात साहित्याचा अपमान वाटत नाही. ज्या गावात लग्नाचे आणि कवितेचे श्रोते तेच असतात, तिथे असे व्हायचेच.

हा श्रोता घडवण्यात ‘सुवार्ता’ मासिकाचा वाटा मोठा. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ या काळात त्याचे संपादक होते. धर्मप्रांताचे मासिक म्हटले की चर्चच्या बातम्या आणि प्रवचने एवढीच अपेक्षा असते. दिब्रिटोंनी त्यात पाणी, पर्यावरण, समाज आणि साहित्य आणले. हरित वसईच्या आंदोलनात सरकारशी भांडणारा हा धर्मगुरू ज्ञानेश्वर-तुकारामांबद्दल तितक्याच आपुलकीने बोलत असे. ‘सुबोध बायबल’साठी त्यांना २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या निवडीला काही संघटनांनी विरोध केला. प्रकृती साथ देत नसताना ते संमेलनाला गेले आणि जे बोलायचे ते स्पष्ट बोलले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाल्यापासून वसईच्या व्यासपीठावरची ती खुर्ची रिकामीच आहे, असे माझे मत आहे.

इथल्या वाचनांत खरी रंगत बोलींमुळे येते. सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती यांची कादोडी एकच. धर्म वेगळे झाले तरी बोली वाटून घेतली गेली नाही. शेजारी वाडवळी आहे, कोळ्यांची बोली आहे, पूर्वेला डोंगराकडे वारली. प्रमाण मराठीतल्या कवितेला टाळ्या पडतात, त्या सभ्यपणाच्या. कादोडीत कोणी विहिरीवरच्या रहाटाची किंवा केळीच्या वाडीची गोष्ट वाचू लागला की मागच्या रांगेतल्या, लाल लुगड्यातल्या आजीबाई वाक्य पुरे होण्याआधीच हसतात. लिखित साहित्याची सवय नसलेला श्रोता असा हुकमी सापडतो तो इथेच.

अडचण वेगळीच आहे. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. वाढ झाली ती मुख्यतः रुळांच्या पूर्वेला, नालासोपारा-विरारच्या इमारतींत. कार्यक्रम मात्र अजून पश्चिमेच्या गावांत, शाळांच्या सभागृहांत, चर्चच्या आवारात. दादर-गिरगाव सोडून आलेली मराठी कुटुंबे पूर्वेला आहेत, वाचनाची आवड घेऊनच आली आहेत. पण आठवडाभर विरार लोकलमध्ये चेंगरलेल्या माणसाने रविवारी रिक्षा बदलत गासला किंवा गिरीजला यावे, ही अपेक्षा जरा जास्तच. एखादे कविसंमेलन नालासोपारा पूर्वेच्या सोसायटीच्या गच्चीवर का होऊ नये? तिथे मंडपही लागणार नाही. फक्त कवी अंधेरीहून येणार असेल, तर त्या रविवारी पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक आहे का, ते आधी पाहावे.