बासरी कोणाच्या हाती?

राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचले की त्याच्याच दाबाने ते उघडतात. पण भोगावतीचे पाणी कोणाच्या शिवारात किती जावे, हे माणसांनाच ठरवावे लागते. हे धरण बांधायला घेणाऱ्या राजर्षी शाहूंपुढे वाटपाचा प्रश्न आयुष्यभर उभा होता. तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटल याच प्रश्नाशी झुंजत होता!

‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या भागात तो विचारतो: उत्तम बासरी कोणाला द्यावी? कुलीनाला नव्हे, देखण्यालाही नव्हे. जो उत्तम वाजवतो त्याला. वाचताना पटते. मग शाहूंच्या करवीर (कोल्हापूर) संस्थानचा 26 जुलै 1902 चा जाहीरनामा आठवतो: मागास वर्गांसाठी नोकरीत 50 टक्के जागा. शाहूंनी ॲरिस्टॉटलला खोटे ठरवले का?

असे प्रश्न एकट्याने सोडवायचे नसतात. राधानगरीजवळच्या दाजीपूरच्या जंगलात गव्यांचा कळप चरतो. गुरांसारखे एका कुरणात चरणे हे माणसांचे सहजीवन नव्हे, बोलणे आणि विचार वाटून घेणे हे सहजीवन, असे ॲरिस्टॉटल ‘निकोमॅकियन एथिक्स’मध्ये मैत्रीविषयी लिहिताना सांगतो. त्याचे ग्रंथ म्हणूनच चौघांत बसून वाचावेत. सोबतीला मे. पुं. रेगे यांचा ‘पाश्चात्य नीतिशास्त्राचा इतिहास’ असावा. एकाने बासरीचा उतारा काढला की दुसऱ्याला त्याच ‘एथिक्स’चा दुसरा भाग आठवतो. तिथे म्हटले आहे की तंतुवाद्य वाजवूनच माणूस वादक होतो, आणि न्यायाने वागूनच न्यायी.

हे दोन उतारे शेजारी ठेवले की थक्क व्हायला होते. वाजवल्याशिवाय वादक होत नसेल, तर ज्याच्या हाती वाद्य कधी पडूच दिले नाही त्याची पात्रता मोजणार कशी? शाहूंच्या जाहीरनाम्याची बाजू खुद्द ॲरिस्टॉटलच्याच पानांतून उभी राहते. कोल्हापुरात 1901 पासून एकामागून एक वसतिगृहे उघडली, ती मला याच युक्तिवादाची पुढची पायरी वाटतात.

‘पॉलिटिक्स’चा आठवा भाग तर आणखी पुढे जातो: शिक्षण सर्वांना एकच असावे आणि ते राज्याने पाहावे. शाहूंनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मात्र ॲरिस्टॉटलच्या ‘सर्वां’त गुलाम नव्हते, गुलामगिरीचे तर त्याने समर्थनच केले. कोल्हापुरात 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद झाल्या आणि त्यांची मुले इतरांच्या शाळेत बसू लागली.