‘पासवर्ड सेव्ह करायचा?’

‘बिल थकल्यामुळे आज रात्री वीज तोडली जाईल’ अशा खोट्या मेसेजपासून सावध राहा, असं महावितरण वारंवार सांगत आलं आहे. समजा, डोंबिवलीतल्या एखाद्या आजोबांनी त्यातली लिंक उघडली. पान हुबेहूब महावितरणचं. आजोबा फसतील, पण ब्राउझरचा पासवर्ड मॅनेजर फसत नाही. तो पानाचं रूप बघतच नाही, पत्ता ताडून बघतो. पासवर्ड ‘महाडिस्कॉम डॉट इन’साठी ठेवलेला असेल, तर एका अक्षराने वेगळ्या पत्त्यावर रकाना कोराच राहतो. एरवी आपोआप भरणारा रकाना कोरा दिसला, की हाताने टाइप करू नका. माझ्या मते या सोयीचा हाच सगळ्यात मोठा फायदा आहे. शिवाय प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक पासवर्ड ठेवता येतो.

धोका आहे तो आपल्याच कॉम्प्युटरवर. विंडोजवर क्रोम पासवर्ड सांकेतिक रूपात साठवतो खरा, पण ते कुलूप विंडोजच्या लॉगिनला बांधलेलं असतं. फुकटच्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरबरोबर घुसलेला चोर तुमच्याच लॉगिनने वावरतो आणि कुलूप उघडू शकतो. फायरफॉक्समध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ लावता येतो, तो जरूर लावा. क्रोममधले पासवर्ड गूगल खात्यात साठवत असाल, तर त्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन हवंच.

ठाणे-कल्याणच्या स्टेशनबाहेर फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत मात्र ‘सेव्ह’ला ‘नेव्हर’ म्हणा आणि गेस्ट विंडो मागून घ्या. तिथे पासवर्ड सेव्ह झालाच असेल, तर घरी येऊन आधी तो बदला.