आठ वॉटचा आवाज

महागडा ॲम्प्लिफायर घरी आला की पहिला प्रश्न ठरलेला: "याला किती वॉटचे स्पीकर लावू?" चंद्रपूरपासून पुण्यापर्यंत गाण्याचं वेड असलेली मंडळी मला हेच विचारतात. माझं उत्तरही ठरलेलं आहे. स्पीकरवरचा वॉटचा आकडा तो किती सोसू शकतो एवढंच सांगतो. आधी त्याची संवेदनशीलता पाहा, मग ओहम. रंगरूप नंतर.

एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ती स्पीकरची संवेदनशीलता. आता हिशेब बघा. आवाज ३ डेसिबलने वाढवायला दुप्पट वीज लागते, १० डेसिबलने वाढवायला दहापट. ८४ डेसिबलच्या छोट्या स्पीकरला १०० वॉट दिले तर तो १०४ पर्यंत जातो. ९८ डेसिबलच्या भोंगेवाल्या स्पीकरला नुसते ८ वॉट दिले तरी तो १०७ गाठतो! आणि ८ वॉट म्हणजे ३००बी या १९३८ सालच्या एकट्या व्हॉल्व्हची साधारण ताकद.

भोंगा हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, आणि तो ऐकावा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतच. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत होते, आणि रात्री नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचं ठाणं. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या सेवेसाठी. मी तिकडे गेलो की मुद्दाम अगदी मागे, धानाच्या बांध्यांच्या बाजूला बसतो. संवाद, ऑर्गनचे सूर, तबल्याची थाप असं सगळं भोंग्यातून तिथवर स्पष्ट पोचतं. भोंगा स्वतः शक्ती निर्माण करत नाही. इवल्याशा पडद्याची हालचाल तो बाहेरच्या हवेला नीट जोडून देतो आणि आवाज हव्या त्या दिशेला वळवतो, म्हणून थोड्या विजेत मोठं काम होतं. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात हेच तत्त्व दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आणून बसवलं. तिथे भिंतीच भोंग्याचा पुढचा भाग होतात. असा स्पीकर ऐकल्यावर गवई समोर बसल्यासारखा त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो, आणि इतर स्पीकर मला जरा झोपाळू वाटू लागतात.

मग लोक संवेदनशीलता विसरले कसे? इतिहास थोडक्यात असा: राइस आणि केलॉग या अभियंत्यांनी १९२५ मध्ये आजच्या स्पीकरचा मूळ नमुना मांडला, १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांच्या बंद पेटीच्या स्पीकरने लहान आकारात खोल खर्ज दिला, पण त्याबदल्यात संवेदनशीलता घटली. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॉट स्वस्त झाले आणि ती उणीव कोणाला जाणवेनाशी झाली.

आता ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध. पाठीमागे "८ ओहम" छापलेला स्पीकर काही सुरांवर ३ ओहमपर्यंत उतरतो, तेव्हा ॲम्प्लिफायरला कितीतरी जास्त विद्युतप्रवाह पुरवावा लागतो. १९५७ चा क्वाड कंपनीचा स्थिरविद्युत स्पीकर वरच्या टोकाला २ ओहमच्या आसपास येतो. त्याच्यासमोर भलेभले ॲम्प्लिफायर अडखळले. (पुण्याच्या केडन्स कंपनीने असा स्थिरविद्युत पडदा आणि नेहमीचा वूफर एकत्र करून स्पीकर बनवले, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे.) आणखी एक मेख: ४ ओहमच्या स्पीकरची संवेदनशीलता पुष्कळदा २.८३ व्होल्टवर मोजतात. तेवढ्या व्होल्टला तो एक नव्हे, दोन वॉट खातो. म्हणजे छापलेल्या आकड्यातून ३ वजा करा.

आमच्याकडे विदर्भात स्पीकर-ॲम्प्लिफायरच्या जोडीत हवामानही बोलतं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६ च्या पुढे जातो. अशात २५ वॉटचा क्लास ए ॲम्प्लिफायर गाणं थांबलेलं असतानाही शंभराहून जास्त वॉट उष्णता खोलीत सोडत राहतो. शिवाय खिडकीतला कूलर घोंघावत असतो आणि विलंबित ख्यालातली हळवी जागा त्यात बुडते. म्हणून विदर्भासाठी माझा कौल स्पष्ट आहे: ९० डेसिबलच्या वरचा स्पीकर आणि थंड चालणारा, मध्यम ताकदीचा ॲम्प्लिफायर.

पेटी सागवानाची करू का, हाही प्रश्न येतो. साहजिकच आहे. बल्लारपूरच्या आगारातलं सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं, आलापल्लीच्या सागाचं नाव तर दूरवर आहे. तरीही अखंड फळ्यांची पेटी करू नका. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि सांधे बोलू लागतात. चांगल्या प्लायवर सागाचा पातळ पापुद्रा चढवा, रूपही तेच मिळतं.

यंदा दिवाळीत स्पीकर घ्यायला निघालात तर आपला ॲम्प्लिफायर गाडीत घालून न्या. दुकानदाराकडे ओहमचा आलेख मागा. घरी ऐकता तेवढ्याच आवाजात, तुमच्या कानात बसलेलं तबल्याचं रेकॉर्डिंग लावा. डग्ग्याची घुमक दबलेली वाटली, तर कितीही सवलत मिळो, ती जोडी घेऊ नका.