जुनी पेठ कशाने टिकते?

 

आज बोलायचं आहे जुन्या बाजारपेठेतल्या इमारतींबद्दल. कुणी म्हणेल, भिलाईत बसून हा विषय कशाला? इथं जे काही आहे ते पोलाद कारखान्याबरोबर आलेलं. सोव्हिएत संघाशी करार झाला १९५५ मध्ये, पहिली झोतभट्टी सुरू झाली १९५९ मध्ये. पण आमच्या दारावरून जाणारा लोहमार्ग त्याहून बराच जुना आहे. नागपूरहून छोट्या रुळांची गाडी राजनांदगावपर्यंत आली ती १८८० च्या दशकात. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेनं तो मार्ग मोठ्या रुळांचा केला आणि पूर्वेकडे नेला. रेल्वे आली की स्टेशनापासून गावाकडे जाणाऱ्या वाटेवर धान्याच्या वखारी, पेढ्या, कापडाची दुकानं उभी राहतात. तुमच्याही तालुक्याच्या गावी अशी एखादी पेठ असेलच.

फौजेत आम्हाला पहिली सवय लावतात ती टेहळणीची. आधी जमीन पाहा, मग बोला. पेठेतही तसंच करा. चालताना मान वर करा. खालच्या प्लॅस्टिकच्या पाट्या विसरा आणि वरचा मजला पाहा.

जुनं दुकान साधारणपणे अरुंद दर्शनी भागाचं आणि मागे लांबलचक असतं, कारण रस्त्यावर तोंड प्रत्येकालाच हवं असायचं. पुढे उंच ओटा. त्यामुळे पावसाचं पाणी आत येत नाही आणि बैलगाडीतला माल उतरवायला सोपं जातं. दाराऐवजी खाचेत सरकवायच्या फळ्या, प्रत्येकीवर आकडा. सकाळी फळ्या काढल्या की सगळं दुकान रस्त्याला उघडं. वर पोटमाळ्यावर माल, आणि त्याच्यावर मालकाचं बिऱ्हाड. रात्री राखण आपोआप व्हायची, आणि कौलातून पाणी ठिबकलं तर ते पहिल्यांदा मालकाच्याच अंथरुणावर पडायचं. म्हणून कौलं वेळेवर शाकारली जायची.

या इमारतींचं मरण इथूनच सुरू होतं. बिऱ्हाड नव्या वस्तीत गेलं की वरचा मजला बंद. गळतीकडे बघायला कुणी नाही. पाणी भिंतीत मुरतं, तुळईचं भिंतीत रोवलेलं टोक कुजतं, वाळवी लागते. खाली धंदा जोरात चाललेला असतो आणि वर छत खचत असतं.

माझ्या आजोळी विदर्भात असंच एक कापडाचं दुकान होतं. मालक तीन चुलतभाऊ, तिघे तीन शहरांत. भाडेकरू दोन पिढ्यांचा, भाडं महिना चाळीस रुपये. पन्हळ फुटली होती. मालक म्हणत, चाळीस रुपयांत पन्हळ येत नाही. भाडेकरू म्हणे, घर माझं नाही. एका पावसाळ्यात रात्री मागची भिंत पडली. माणूस वाचला, दुकान गेलं. मी सुट्टीवर गेलो तेव्हा तिथं पत्र्याचं कुंपण होतं. दोष कुणा एकाला देता येत नाही, हीच त्यातली अडचण.

या भाड्यामागे कायदा आहे. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडेकायद्यानं बहुतेक जुनी भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. विदर्भात मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश होता. हेतू चांगला होता. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरू रस्त्यावर येऊ नये. पण डागडुजीला पैसा उरला नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या नव्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली. चाळीसवर चार टक्के म्हणजे किती, हिशेब तुम्हीच करा.

मग पुरातत्त्वाचा कायदा वाचवणार नाही का? १९५८ चा केंद्रीय कायदा किमान शंभर वर्षं जुन्या, राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंसाठी आहे. कापडाचं दुकान त्यात बसत नाही. त्यासाठी शहराची स्वतःची यादी लागते. मुंबईनं असे नियम १९९५ मध्ये केले. त्यात तीन श्रेणी आहेत आणि तिसऱ्या श्रेणीतल्या इमारतीत आतले बदल, नवा वापर साधारणपणे करता येतो. म्हणजे वारसा यादीत नाव लागलं की दुकान बंद, ही भीती खरी नाही.

पण यादीनंही काम अर्धंच होतं. पुण्याची मंडई पाहा. त्याआधी भाजीवाले शनिवारवाड्यासमोर उघड्यावर बसत. महात्मा फुले नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. इमारत १८८६ मध्ये उघडली, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं तिला फुल्यांचंच नाव मिळालं. आजही तिथं भाजी विकली जाते. रोजचं गिऱ्हाईक हाच तिचा खरा पहारेकरी.

अमेरिकेतही हेच दिसलं. गावाबाहेरच्या मोठ्या मॉलनी छोट्या गावांच्या पेठा ओस पाडल्या, तेव्हा १९७७ मध्ये तिथल्या वारसा-जतन संस्थेनं गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत प्रयोग केला. प्रत्येक पेठेसाठी एक पूर्णवेळ माणूस नेमला. त्याची कामं चार: दुकानदारांची एकजूट, पेठेची जाहिरात, दर्शनी भागाची दुरुस्ती आणि धंद्याची घडी. दुरुस्ती हा चारातला एकच भाग होता, हे ध्यानात घ्या.

तेव्हा आपण काय करायचं? पावसाळ्याआधी आपल्या पेठेतून एक फेरी मारा. वरचे मजले कुठे बंद आहेत ते लिहून काढा, फोटो घ्या. मालक आणि भाडेकरू यांना एकत्र बसवून निदान पन्हळ आणि कौलांचा खर्च वाटून घ्यायला लावा, आणि ठरलेलं कागदावर उतरवा. रिकामा मजला शिंप्याला, शिकवणीला, वकिलाला द्या. वर दिवा लागला की गळती कुणाच्या तरी नजरेस पडेल.

आणि भिलाईकरांनो, आपल्या सेक्टरांमधले पहिल्या पिढीचे बाजारही आता साठीच्या आसपास आले, माझ्याच वयाचे. शंभरी भरण्याची वाट पाहू नका. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.