शोधा, बदला, पण जरा जपून!

संगणकावर एक शब्द काढून दुसरा घालण्याची सोय आता घरोघरी ठाऊक आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ‘रेग्युलर एक्सप्रेशन’. इथे नेमका शब्द सांगायचा नसतो, त्याची ठेवण सांगायची असते. उदाहरणार्थ दोन अंक, तिरकी रेघ, दोन अंक, पुन्हा रेघ, मग चार अंक. अंकांचा प्रत्येक गट कंसात घातला की त्याला क्रमांक मिळतो. ‘आधी तिसरा, मग दुसरा, शेवटी पहिला’ एवढे सांगितले की १५/०८/१९४७ ची १९४७-०८-१५ होते, आणि तशाच हजारो तारखा चहा निवायच्या आत उलटून मिळतात!

या युक्तीचा उगम मात्र मज्जातंतूंच्या अभ्यासात आहे. अमेरिकी गणिती स्टीफन क्लेनी यांनी १९५६ मध्ये तिचे गणित मांडले आणि १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती मजकूर शोधण्याच्या कामी लावली.

गोम अशी की यंत्राला आकार कळतो, अर्थ नाही. अमेरिकेतल्या एका वृत्त-संकेतस्थळाने ‘गे’ शब्दाच्या जागी आपोआप ‘होमोसेक्शुअल’ घालण्याची व्यवस्था केली होती. २००८ मध्ये धावपटू टायसन गे ऑलिम्पिक निवड चाचणीत शंभर मीटर जिंकला, आणि बातमीत बिचाऱ्याचे आडनावच बदलले!

जुने मराठी लेख संगणकावर नीट लावताना मला याहून बारीक काटे लागतात. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. सरसकट बदल केला तर ‘औरंगाबादेत’चे ‘संभाजीनगरेत’ होईल, बिहारमधल्या औरंगाबादचेही नाव बदलेल आणि १९५० सालच्या पत्रात तेव्हा नसलेले नाव घुसेल. दस्तऐवज खोटा ठरायला आणखी काय हवे?

शिवाय आपले काने-मात्रे! पायथन या लोकप्रिय संगणकभाषेच्या नेहमीच्या साधनाला वेलांटी हे अक्षरच वाटत नाही. ‘मत’ हा पूर्ण शब्द शोधून ‘अभिप्राय’ घाला म्हटले, तर ‘मती’मधलाही ‘मत’ सापडतो. मग मती गुंग व्हायची ती ‘अभिप्रायी’ गुंग होते.

म्हणून तारखांना मी बेधडक एकच हुकूम सोडतो. नावे आली, की प्रत्येक ठिकाणी थांबून मला विचारणारा संपादक-प्रोग्राम वापरतो. होय, होय, होय… बिहार आले, नाही.