आहेर : वहीतला आणि कायद्यातला

कळंबकडच्या लग्नपत्रिकेच्या माथ्यावर तिथला चिंतामणी गणपती असो की कुलदैवत, तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ बरेचदा असते. तिचा अर्थ पुष्कळदा भांडी नकोत एवढाच, पाकीट चालते! रुपया चिकटवलेल्या पाकिटातले १०१ किंवा ५०१ नावानिशी वहीत चढतात आणि समोरच्याच्या घरी कार्य निघाले की थोडे वाढवून परत जातात. भिशीच म्हणा.

लग्नानिमित्त वधू-वरांना मिळालेल्या भेटींवर प्राप्तिकर नाही, रक्कम कितीही असो. आईवडिलांना मिळालेल्या पाकिटांना मात्र ही सूट नाही. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून एका कार्यात एकाच व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड, तोही घेणाऱ्यालाच.